जिभेला न लागणारं तेल

"लेकरू अन्नाला लागलं की पाठवते तुमच्या बहिणीला," असं वच्छलाबाईंनी मगनला तीनदा सांगितलं होतं, आणि मगन असा भोळा सांब की तिन्ही वेळा त्याने ते खरं मानलं.

मगन साक्रीकडचा. थोडी कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी, आणि घरात खाटेवर पडलेली आई, धुरपदाबाई. आईच्या पोटात गाठ झाली होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं, मगनला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "घरी न्या. जे मागतील ते खाऊ घाला." डॉक्टर असं म्हणाले की काय समजायचं ते माणूस समजतो. पण धुरपदाबाईला खाण्यापिण्यातलं काही नकोच होतं. तिचं मागणं एकच होतं.

"शेवंताले बलाव. तिना पोऱ्याले माले एकदाव दखानं शे."

शेवंता ही मगनची धाकटी बहीण, आणि तिचा पोरगा हर्षल सात महिन्यांचा झाला तरी आजीने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. पण शेवंताच्या सासूने, वच्छलाबाईंनी, तीही मोडली. म्हणे, तुमच्याकडे दवाखाना कुठे आहे? अहो, मग लग्न जुळवताना दवाखाना विचारला होता का? तेव्हा नाही विचारला, कारण तेव्हा गरज यांची होती. मुलगा बन्सीलाल लहानपणच्या तापाने एका पायाने अधू. रावेरकडे केळीचे मळे, जळगावात मेहरूणला दुमजली घर, दारात जीप, सगळं होतं. पण बरोबरीच्या घरची मुलगी मिळेना. तेव्हा वच्छलाबाई साक्रीच्या त्या मातीच्या घरात येऊन जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि "आम्हाला फक्त मुलगी द्या, बाकी नारळ," असं म्हणाल्या होत्या. शेवंता तेव्हा लक्ष्मी होती. नातू झाला आणि लक्ष्मीचं काम संपलं.

बाई तशी बोलायला मोठी गोड. जळगावात आल्यापासून त्यांनी अहिराणी टाकून दिली होती. शुद्ध बोलत, अहो-जाहो करत. शिव्या तेवढ्या अहिराणीत देत, कारण शुद्ध भाषेत त्या लागू पडत नाहीत.

आता हर्षलचं असं झालं होतं की तो आईच्या अंगावर पिण्यापलीकडे काही घेतच नव्हता. तूपभात दिला की उलटी. भुईमुगाचं तेल घालून खिचडी दिली की खोकला. वजन मागे पडलं. जळगावच्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "डब्यातलं काही नको. घरचीच मऊ खिचडी द्या, त्यात चमचाभर हलकं तेल. ऑलिव्ह तेल मिळालं तर उत्तम, पण चवीला मवाळ बघून घ्या." वच्छलाबाईंनी त्यातला ऑलिव्ह एवढा एकच शब्द उचलला. मुंबईच्या त्यांच्या भाचीचं पोर ऑलिव्ह तेल खात होतं, मग यांचं का मागे राहावं? आणि लगेच त्यांनी दुसरी मेख मारली. उष्टावणाचा पहिला घास मामाच्या हातचा, तांदूळ-डाळ मामाच्या घरची, तर तेलही मामाच्याच घरचं. बन्सीलालने पोस्टकार्ड लिहिलं, "येताना ऑलिव्ह तेल आणावे, चांगले आणावे." हलकं, मवाळ असलं काही त्या कार्डावर नव्हतं.

मगनने कार्ड तीनदा वाचलं आणि धुळ्याची एसटी धरली.

आग्रा रोडवरच्या मेडिकलवाल्याने त्याच्यापुढे दोन प्रकार मांडले. एक पत्र्याच्या डब्यातलं, फिकं पिवळं. दुसरं मुंबईहून मागवलेलं, काचेच्या बाटलीतलं, हिरवंगार. मगनने दोन्हीचा थेंब थेंब तळहातावर मागून घेतला. मेडिकलवाला वैतागला, पण मगन हटला नाही. तेल न चाखता घेणारा खान्देशी माणूस दाखवा! आमच्याकडे खिचडीवर कच्चं तेल, भरितावर कच्चं तेल, भाकरीवर मिरचीचा ठेचा आणि त्यात तेलाचं आळं. घाण्यावरचं तेल तोंडात घेतलं की नाकातोंडात वास भरला पाहिजे, तर ते तेल. नाहीतर मग पाणी काय वाईट?

पिवळं तेल जिभेवर आलं आणि गेलं. काही म्हणालंच नाही. हिरव्याने मात्र जीभ कडवट केली, घशाला चटका दिला आणि मगनच्या डोळ्यांत पाणी आणलं.

"लहान बाळासाठी ना? मग हे पिवळं न्या," मेडिकलवाला म्हणाला. "मवाळ आहे."

मगन मनात म्हणाला, आहेस खरा वस्ताद. खेड्यातला दिसला की पाणचट माल गळ्यात मारायचा. आईचा जीव त्या एका भेटीत अडकलाय आणि मी पाणी घेऊन जाऊ? त्याने छाती पुढे काढून हिरवी बाटली उचलली आणि ती पंच्यात गुंडाळून घरी आणली.

उष्टावणाला मेहरूणच्या घरी पन्नास माणूस होतं. पाटावर मगन बसला, मांडीवर हर्षल दिला. पोरगा रंगाने आईसारखा सावळा, डोळे मात्र थेट धुरपदाबाईचे. मगनला भरून आलं. चांदीच्या वाटीत मऊ खिचडी होती, वरून त्या हिरव्या तेलाची धार. मगनने बोटभर घास उचलून पोराच्या तोंडात दिला.

आधी पोराचं तोंड वाकडं झालं. मग त्याला खोकला आला, आणि तो थांबेना. चेहरा लालबुंद, श्वास अडकला, आणि शेवटी घास, दूध, सगळं मगनच्या नव्या सदऱ्यावर. शेवंता दारातून धावत आली, पोराला उचलून पदराखाली घेतलं, तेव्हा कुठे ते शांत झालं.

"अरे देवा! मामानं विष आणलं की काय?" वच्छलाबाई म्हणाल्या.

लोक हसले. बाईंना हसणं ऐकू आलं की त्यांना चेव येई. बाटली उघडून त्यांनी वास घेतला, नाक मुरडलं. "बघू या तरी विष आहे की तेल. पेला आणा गं कोणी."

स्टीलचा पेला आला. बाईंनी तो अर्धा भरला आणि मगनपुढे धरला. "घ्या मामा. तुमच्या आवडीचं आहे ना? आधी तुम्ही प्या."

सोयरिकीत नवरीच्या भावाची थट्टा करायची मुभा असते, हे सगळ्यांनाच ठाऊक. कोणी त्याच्या पत्रावळीखाली मिरची ठेवतं, कोणी चहात मीठ घालतं. साल्याने हसायचं, रागवायचं नाही. रागावला तो साला कसला? त्यामुळे हे काही वेगळं चाललंय असं म्हणायची सोयच नव्हती. मगनने पेल्याकडे पाहिलं. मग दारात उभ्या शेवंताकडे पाहिलं. तिने मान हलवून नको म्हटलं. पण आज वच्छलाबाईंचं मन मोडलं तर शेवंताला कोण पाठवणार? त्याने पेला तोंडाला लावला.

घसा सोलून निघाला. तरी त्याने पेला रिकामा केला. कडेला बसलेला एक जाडा पाहुणा ओरडला, "आता तोंडात वात ठेवा, मामाचा दिवा लागेल!" आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मगनही हसला. त्याला हसावंच लागलं.

हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "अक्का, मंग शेवंताले कधी पाठवता? मायचं काही खरं नाही."

"पाठवते म्हटलं ना? पण बिनाखाणारं लेकरू मी त्या जंगलात कशी पाठवू? तुमच्या तेलाने काय केलं ते बघितलंत. आधी त्याला अन्नाला लावा, मग बोला."

निघताना शेवंताने त्याला मागच्या दाराशी गाठलं. डॉक्टरांचे शब्द तिनेच त्याला सांगितले, की हलकं पाहिजे, मवाळ पाहिजे. "भाऊ, जिभले लागाले नको असं तेल लयी ये," ती म्हणाली आणि रडायला लागली. मगनने कपाळावर हात मारून घेतला. मेडिकलवाला खरं बोलत होता आणि मगनला आपलाच शहाणपणा नडला होता. सबंध रस्ताभर, पारोळा गेलं, धुळं आलं, तो स्वतःलाच शिव्या देत राहिला.

आता मात्र त्याने शर्थ केली. आग्रा रोडवर चार दुकानं पालथी घातली. एकाचं तेल वासाचं निघालं, ते मालिशचं. एकाचं जुनं, खवट. शेवटी त्याच पहिल्या दुकानात तो शरमून गेला आणि तोच पिवळा डबा घेतला. तरी विश्वास बसेना. एकदा हात पोळलेला माणूस. चूल पेटवून त्याने आपल्याच डोंगरातल्या तांदळाची, मूगडाळीची खिचडी केली, बोटाने घोटून घोटून गंधासारखी मऊ केली आणि त्यात ते तेल घातलं. पण चाखायची कोणी? त्याची स्वतःची जीभ ठेच्याने बधिर झालेली. तिला मवाळ काय कळणार?

तेव्हा धुरपदाबाईच म्हणाली, "माले दे."

महिनाभर तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. पाण्याचा घोटसुद्धा परत येई. मगनने भीत भीत चमचा तोंडाशी नेला. तिने घास जिभेवर फिरवला, डोळे मिटले, गिळला. मगन श्वास रोखून बसला. काही झालं नाही. तिने पुन्हा तोंड उघडलं. असे सहा घास गेले.

"काही लागत नही," ती म्हणाली. "गोड शे. हाईच लयी जाय. पोऱ्याले पची जाई."

आईच्या पोटात अन्न राहिलं म्हणून मगनला आनंद झाला, आणि नातवाचं तेल आजीने निवडलं म्हणून दुप्पट झाला. दुसऱ्याच दिवशी त्याने जळगाव गाठलं.

वच्छलाबाईंनी डब्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. "या वेळी काय आणलंय, रॉकेल?" पण शेवंताने खिचडी केली, चमचाभर तेल घातलं आणि पोराला मांडीवर घेतलं. पहिला घास पोराने तोंडातच घोळवला. बाहेर ढकलेल असं वाटलं. मग गिळला, ओठ चाटले आणि आ वासला. दुसरा, तिसरा, चौथा. वाटी रिकामी झाली तेव्हा त्याने रडून आणखी मागितली. शेवंता हसत होती, मगन हसत होता, लंगडत आलेला बन्सीलालसुद्धा हसत होता.

वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्या बघत होत्या. बघता बघता त्या जवळ आल्या, शेवंताच्या हातातला चमचा घेतला आणि दुसरी वाटी त्यांनी स्वतः भरवली. "या की माझ्या राजा," त्या म्हणाल्या, आणि पोरगं त्यांच्या हातून तितक्याच आनंदाने जेवलं.

"आता पाठवता ना, अक्का?" मगनने विचारलं.

"आठ दिवस जाऊ द्या. बाधलं तर? आज बुधवार. पुढच्या बुधवारी या."

आठ दिवस म्हणजे काय, असे निघून जातील! मगनने घरी येऊन ओसरी सारवली. जुना पाळणा काढून त्याच्या दोऱ्या बदलल्या. शेजारच्या बेबाबाईने स्वतःच्या लुगड्याची मऊ दुपटी शिवून दिली. डब्यातलं वाटीभर तेल घरी काढून ठेवलं होतं, धुरपदाबाई रोज दोन घास त्याच तेलाची खिचडी खाऊ लागली, कारण नातू येईपर्यंत तग धरायचा होता. जायला टेकलेलं माणूस कशाकशाच्या आधाराने राहतं!

ठरल्या बुधवारी मगन मेहरूणला पोचला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. वच्छलाबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या, मांडीवर हर्षल, हातात वाटी. आठ दिवसांत पोराच्या गालांवर तुकतुकी आली होती. मगनचा जीव हरखून गेला. शेवंता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ती पुढे आली नाही. तिचे डोळे सुजलेले होते आणि चोळी दुधाने भिजली होती.

"या मगनभाऊ," वच्छलाबाई म्हणाल्या. "न्या शेवंताला. आत्ताच्या एसटीने न्या. मी शब्दाची पक्की आहे."

मगन त्यांच्या पाया पडायला वाकला. वाकतानाच म्हणाला, "हर्षलचे कपडे घेतले का? तिकडे वारं असतं."

"हर्षल कशाला?"

मगन वाकलेलाच राहिला.

"तो इथंच राहील. त्याला आता आईचं काय काम? तीन-तीन वाट्या खिचडी खातो, माझ्या हातची. अंगावरचं मी सोमवारीच तोडलं. कडुनिंबाचा पाला वाटून लावायला लावला हिला, दोन दिवसांत पोरगं विसरलं." त्यांनी पुढचा घास भरवला, पदराने पोराचं तोंड पुसलं. "खरं सांगते, तुमचे उपकार झाले. दोन महिने मी झटत होते. तूप दिलं, तेल दिलं, पण याचं तोंड काही आईपासून सुटेना. तुम्ही सोडवलंत."

मगनला ते समजायला वेळ लागला. हिरवं कडू तेल आणलं होतं तेव्हा पोरगं आईच्या पदराखाली होतं. हे गोड तेल शोधायला त्याने चार दुकानं पालथी घातली होती. मरणाऱ्या आईच्या जिभेवर ठेवून पारखलं होतं. सख्ख्या भावाने बहिणीचं लेकरू तिच्यापासून तोडायला इतकी मेहनत केली होती.

त्याने वच्छलाबाईंचे पाय धरले. "अक्का, दोन दिवस. फक्त दोन दिवस द्या. माय डोळे लावून बसली शे. एकदा दाखवतो नि मी स्वतः आणून सोडतो."

"मरणाऱ्या माणसाला लेकरू दाखवू नये. सावली पडते. एवढंसुद्धा कळत नाही?"

"दाजी, तुम्ही तरी सांगा," मगन दाराशी उभ्या बन्सीलालकडे वळला. बन्सीलालने स्वतःच्या आखूड पायाकडे पाहिलं आणि म्हणाला, "अक्का म्हणते ते विचार करूनच म्हणत असेल, मगनभाऊ."

तेवढ्यात शेवंता आली. कोणाला न विचारता तिने सासूच्या मांडीवरून पोराला उचललं आणि तिथेच खांबाआड बसून पदराखाली घेतलं. पोराने तोंड लावलं मात्र आणि लगेच मागे केलं. तोंड वेंगाडलं. पाला तिने कधीच धुऊन काढला होता, पण पोराला काय कळतं? तिने पुन्हा जवळ ओढलं, तशी त्याने किंकाळी फोडली, दोन्ही हातांनी तिची छाती ढकलली आणि झोपाळ्यावरच्या वाटीकडे हात पसरले.

"बघा," वच्छलाबाई म्हणाल्या आणि हसल्या. "आण इकडे त्याला, जेवण अर्धं राहिलंय त्याचं." मग हसू थांबवून त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि एवढं मात्र अहिराणीत म्हटलं, "जानं व्हई ते जाय. पन बलावना शिवाय परत येवू नको."

बोलावणार कोण होतं? ते घरातल्या मांजरालासुद्धा कळलं असतं.

मगन म्हणाला, "शेवंते, तू चल. मायना जीव तुन्हामा अटकेल शे."

शेवंताने पोर सासूच्या मांडीवर ठेवलं. ते लगेच शांत झालं. ती तिथेच, झोपाळ्याच्या पायाशी जमिनीवर बसली.

"मी येवाव नही, भाऊ. मी आते गई, ते मना पोऱ्या कायमना जाई."

"मायले काय सांगू?"

ती घास घेणाऱ्या पोराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सांग, पोऱ्या पोटभर जेवस."

दुपारच्या एसटीने मगन परत फिरला. शेजारची जागा रिकामी होती. तिथे कोणी बसायला आलं की तो आधी नको म्हणे आणि मग शरमून सरकून घेई.

रात्र धुळ्याच्या स्टँडवर काढून दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी पोचला तेव्हा धुरपदाबाई उशीला टेकून बसली होती. बेबाबाईने तिची वेणी घालून दिली होती, तोंड पुसून दिलं होतं. तिने मगनच्या मागे दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"पोऱ्यानी खादं का?" तिने विचारलं.

"खादं, माय. तीन-तीन वाट्या खास."

धुरपदाबाईचा चेहरा उजळला. सुरकुत्यांतून हसू फुटलं. "मंग आते काय अडचन शे? आते ते येतीनच ना?"

मगनला खोटं बोलता येत नसे. बायका, पोरं, जनावरं, कोणाशीही नाही. पण त्या चेहऱ्याकडे बघून त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "सोमवारे येतीन."

धुरपदाबाईने बोटांवर दिवस मोजले. चार होते. मग असलं नसलं बळ एकवटून तिने भिंतीपलीकडे हाक मारली, "ओ बेबाबाई, मना नातू सोमवारे येस वं!"